मेणबत्तीवर चालणारं जेट इंजिन: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

जेट इंजिन घरी करायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी पेट्रोल येतं आणि मग धडकी भरवणारा आवाज. यातलं काहीच लागत नाही. हातभर तांब्याची नळी, दुधाचा रिकामा खोका, मेणबत्ती आणि टबभर पाणी एवढ्यावर खरंखुरं जेट इंजिन चालतं आणि होडी पळवतं. त्यात झडप नाही, पिस्टन नाही, पंखा नाही. हलणारा एकही सुटा भाग नाही. ब्रिटनमध्ये थॉमस पियो यांनी १८९१ साली या तत्त्वावरच्या खेळण्यातल्या होडीचं पेटंट घेतलं होतं. वात लावली की टर्रर्र आवाज करत परातीत गोल फिरणारी पत्र्याची होडी तुम्ही कधी जत्रेत पाहिली असेल, तर तिच्या पोटात याच घराण्यातलं इंजिन असतं.

ज्यांनी आजवर हातात पक्कडही धरलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. शनिवारी संध्याकाळी बसलात तर रविवारी सकाळी होडी पाण्यात सोडता येते. मधली रात्र एम-सील, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी, वाळायला लागते, म्हणून घाई करायची नाही.

याला जेट का म्हणायचं

जेट म्हणजे झोत. काहीतरी जोरात मागे फेकायचं आणि त्याच्या प्रतिक्रियेने आपण पुढे जायचं. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेला तिसरा नियम तो हाच. विमानाचं इंजिन पुढून हवा घेतं, ती दाबतं, त्यात इंधन जाळतं आणि तापलेला वायू मागे फेकतं. फ्रँक व्हिटल यांनी १९३० मध्ये अशा इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि २७ ऑगस्ट १९३९ ला जर्मनीत हाइनकेल १७८ हे जेटवर उडणारं पहिलं विमान आकाशात गेलं. आपलं इंजिन हवेऐवजी पाणी फेकतं आणि सलग न फेकता ठोक्याठोक्याने फेकतं. ठोक्यांवर चालणारी जेट इंजिनंही विमानविद्येत होऊन गेली आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-१ उडत्या बॉम्बचं इंजिन सेकंदाला सुमारे ४५ ते ५० ठोके देत असे.

मुलं एक प्रश्न हटकून विचारतात. २०२५ च्या जूनमध्ये आपल्या सोलापुरात होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याची सेवा सुरू झाली, त्या एटीआर विमानाला तर बाहेर पंखे दिसतात, मग ते जेट नाही का? त्या पंख्यामागच्या डब्यात गॅस टर्बाइनच आहे. जेट इंजिनाचं हृदय जे, तेच तिथेही. फक्त बहुतेक ताकद झोतात न घालवता पंखा फिरवायला वापरलेली. हा प्रश्न मुलांनी विचारला तर टाळू नका, तिथून फार चांगली चर्चा सुरू होते.

काचेच्या बरणीतलं जेट करू नका

इंटरनेटवर काचेच्या बरणीत स्पिरिट टाकून, झाकणाला भोक पाडून पेटवायचे व्हिडिओ खूप फिरतात. दिसायला झकास आहेत, पण नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो. काच एका जागी तापते, दुसरीकडे गार राहते आणि तडकते. त्यासाठी वापरतात ते मिथेनॉल पोटात गेलं तर विष आहे, त्याची वाफही घातक आहे आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर ते पेटलंय की विझलंय हे हात भाजल्यावरच कळेल. तशीच दुसरी गोष्ट: घट्ट बंद डब्यात पाणी उकळून वाफेचा झोत काढायचा प्रयोगही नको. आपल्या होडीतल्या नळीची दोन्ही तोंडं पाण्यात उघडी असतात, त्यामुळे आत दाब साठून राहत नाही. म्हणूनच हे इंजिन मला मुलांच्या हातात द्यायला योग्य वाटतं, अर्थात शेजारी मोठं माणूस असताना.

आग लावण्याआधी एक डबा फिरवा

कोल्ड्रिंकचा रिकामा अॅल्युमिनियमचा कॅन घ्या. बुडापासून बोटभर वर, समान अंतरावर चार भोकं खिळ्याने पाडा. प्रत्येक भोकात खिळा तसाच ठेवून एकाच दिशेला, म्हणजे सगळीकडे उजवीकडे, आडवा दाबा. भोकं तिरकी झाली की वरच्या कडीला दोरा बांधा, कॅन बादलीत बुडवून भरा आणि वर उचला. पाणी तिरकं बाहेर पडतं आणि कॅन उलट दिशेला गरगर फिरतो. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने वाफेवर फिरणाऱ्या गोळ्याचं वर्णन करून ठेवलंय, त्याचाच हा पाण्यावरचा भाऊ. दहा मिनिटांचं काम आहे, पण झोत एकीकडे आणि धक्का दुसरीकडे हे एकदा हाताला कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

सामान

सगळ्यात महत्त्वाची नळी. मऊ तांब्याची, बाहेरून ३ ते ४ मिलिमीटर जाडीची, ४० सेंटिमीटर लांब. फ्रिज-एसी दुरुस्तीच्या दुकानात विचारा. उरलेले तुकडे त्यांच्याकडे पडलेले असतात. तिथे दोन गोष्टी दाखवतील, त्या घेऊ नका. एक म्हणजे कॅपिलरी, तिचं भोक जेमतेम एखादा मिलिमीटर असतं आणि त्यातून पाणी नीट खेळत नाही. दुसरी पाव इंची नळी, ती तापवायला मेणबत्ती पुरत नाही. मंगळवार बाजारातल्या जुन्या सामानातही हात घालून बघायला हरकत नाही. फक्त घरातला जुना फ्रिज स्वतः कापू नका, त्यात गॅस असतो.

कोल्ड्रिंकचे स्ट्रॉ वापरून केलेली मॉडेल्स जुन्या पुस्तकांत सापडतील. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉ गरम पाण्यात लोळागोळा होतो. म्हणून सरळ तांबंच घ्यावं.

होडीसाठी दुधाचा किंवा ज्यूसचा एक लिटरचा टेट्रा पॅक. थर्माकोल नको, पेट घेतो आणि धूर वाईट. त्याशिवाय एम-सीलची छोटी पुडी, औषधाच्या दुकानातली ५ मिलिलिटरची सिरिंज, सुई काढलेली. दिवाळीत पणतीऐवजी लावतात ती अॅल्युमिनियमच्या वाटीतली मेणबत्ती, चपातीला गुंडाळायचा फॉइल कागद, बारीक मीठ, एक जाड मार्कर पेन, हॅक्सॉ ब्लेडचा (लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा) तुकडा.

नळी वळवणं

सगळं कौशल्य इथे आहे, म्हणून वेळ द्या.

नळी पकडीच्या धारेने कापू नका, तोंड चेपतं. हॅक्सॉ ब्लेडने हळूहळू कापा आणि तोंडाशी आलेला कचरा दाभणाने काढून टाका. नळीतून फुंकून बघा, हवा मोकळी जायला हवी.

रिकामी नळी वळवली तर ती मोडते, म्हणजे वळणावर चपटी होते आणि आतली वाट बंद होते. ते टाळायला आत मीठ भरायचं. मीठ आधी तव्यावर कोरडं करून घ्या. नळीचं एक तोंड चिकटपट्टीने बंद करा, दुसऱ्या तोंडातून मीठ सोडत राहा आणि नळी टेबलावर टकटक आपटत राहा, म्हणजे मीठ खाली बसतं. गच्च भरली की दुसरं तोंडही बंद. वाळूही चालते, पण मिठाचा फायदा असा की नंतर ते विरघळून निघून जातं.

आता नळीचा मध्य मार्कर पेनवर टेकवा आणि दोन्ही हातांनी, अंगठे पेनाजवळ ठेवून, गुंडाळायला लागा. पेनाला लागून तीन वेढे घ्यायचे. ओढून नाही, दाबून. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून बसू द्या. नळी कडक वाटत असेल तर जोर लावू नका. मीठ भरण्यापूर्वी तिचा मधला भाग मोठ्या माणसाने सांडशीत धरून गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवावा आणि पाण्यात बुडवावा. लोखंड असं केलं तर कडक होऊ शकतं, तांबं उलट मऊ पडतं. हा बदल बोटांना लगेच जाणवतो; आधी हट्ट करणारी नळी गुमान वळते.

तीन वेढ्यांना साधारण १४ सेंटिमीटर नळी जाते आणि दोन्ही बाजूंना सुमारे १२-१३ सेंटिमीटरचे पाय उरतात. दोन्ही पाय एकाच दिशेला, एकमेकांना समांतर, मध्ये दीड सेंटिमीटर अंतर ठेवून सरळ करा. लांबी सारखी हवी. जास्त असेल तो पाय कापा. मग पेन काढून घ्या, टोकं उघडा आणि नळी गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवा. नंतर एका तोंडाला सिरिंज लावून पाणी ढकला. सुरुवातीला काहीच पुढे सरकत नाही, मग खारट थेंब येतात आणि एकदम धार लागते. पाण्याला चव राहणार नाही इतकं धुवा, कारण राहिलेलं मीठ तांबं खातं.

होडी

टेट्रा पॅक आडवा, रुंद बाजूवर झोपवा. वरची रुंद बाजू कापून काढा आणि कडा ४ सेंटिमीटर उंच राहतील इतक्या छाटा. खोक्याचं दुमडलेलं टोक पुढे, सपाट बूड मागे. आतून तळाला आणि दोन्ही भिंतींना फॉइलचा दुहेरी थर लावा.

मागच्या टोकापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर तळाला दीड सेंटिमीटर अंतराने दोन भोकं पाडा, नळी घट्ट बसेल एवढीच. आतून पाय खाली घाला. वेटोळं होडीच्या मध्यावर, तळापासून साडेतीन सेंटिमीटर वर आणि आडवं राहिलं पाहिजे. तिथून पाय मागच्या बाजूला उतरत भोकांतून बाहेर पडतात. बाहेर आलेले पाय हलक्या हाताने वाकवून तळाला समांतर करा, तोंडं सरळ मागे. उतार मोडू नका. वेटोळं सगळ्यात उंच आणि तोंडं सगळ्यात खाली, अशी मांडणी हवी, नाहीतर हवेचा बुडबुडा भलत्या जागी अडकतो.

एम-सीलचे दोन्ही भाग एकजीव रंग येईपर्यंत मळा आणि भोकांभोवती आतून-बाहेरून लावा. ओल्या बोटाने कडा गुळगुळीत करा. रात्रभर राहू द्या. सकाळी होडी नुसती पाण्यात सोडून तळ ओला होतो का ते बघा.

पाणी भरणं

ही पायरी नीट झाली नाही तर बाकी सगळं बरोबर असूनही इंजिन ढिम्म हलत नाही.

घमेलं, पिंप, मुलांचा आंघोळीचा टब, काहीही चालेल. जितकं पसरट तितकं बरं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे खेळासाठी टबभर पाणी घेणं जिवावर येतं, पण काळजी नको. हे इंजिन जेवढं पाणी आत घेतं तेवढंच बाहेर टाकतं. झाल्यावर तेच पाणी कुंड्यांना घाला.

होडी हातात उलटी धरा, नळीची तोंडं वर. एका तोंडात सिरिंजने पाणी सोडा, दुसऱ्यातून सलग धार येईपर्यंत. बुडबुडे येत असतील तर अजून सोडा. मग दोन्ही तोंडांवर बोटं दाबून ठेवा, होडी सुलटी करा, पाण्यात टेकवा आणि तोंडं पाण्याखाली गेल्यावरच बोटं काढा. बस.

पेटवणं

सकाळची वेळ निवडा, वारा पडलेला असतो. घरात करत असाल तर पंखा बंद. मे महिन्यात हे जड जातं, पण पंख्याखाली ज्योत हलत राहते आणि वेटोळं तापतच नाही.

वाटीतल्या मेणबत्तीत आणखी एक सुती वात खुपसली तर ज्योत हवी तेवढी होते. मेणबत्ती वेटोळ्याखाली ठेवा. वातीचं टोक आणि वेटोळं यांत दीड ते दोन सेंटिमीटर अंतर. ज्योतीचं टोक वेढ्यांना चाटलं पाहिजे. लांब काडीने किंवा गॅस लायटरने पेटवा.

अर्धा-एक मिनिट काही होत नाही. मग नळीच्या तोंडाशी एखादा बुडबुडा सुटतो, होडी अंग झटकल्यासारखी हलते, पुन्हा शांत. पाठोपाठ थरथर सुरू होते आणि होडीच्या मागे बारीक लाटांच्या रेषा उमटायला लागतात. आता बोट तोंडाच्या मागे पाण्यात धरा: टकटक टकटक असे लहान धक्के लागतात. वेटोळ्याला मात्र हात लावू नका, आणि थांबवायचं असेल तर नुसती मेणबत्ती फुंका.

आत काय चाललंय

ज्योतीवरच्या वेढ्यांतलं पाणी उकळतं. वाफ पाण्यापेक्षा कितीतरी पट जागा मागते, म्हणून ती दोन्ही पायांतलं पाणी बाहेर ढकलते. ढकलता ढकलता वाफ स्वतः पायांच्या गार भागात पोचते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. बाहेरचं पाणी आत धावतं, वेगात थेट तापलेल्या वेढ्यांपर्यंत जातं, पुन्हा उकळतं. हे सेकंदाला अनेकदा.

मग शहाणा वाचक विचारेल: बाहेर टाकताना होडी पुढे जाते, तर आत ओढताना तेवढीच मागे का येत नाही? पेटलेली मेणबत्ती हातभर लांब धरा आणि फुंका, विझते. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून बघा. विझणार नाही. फुंकलेली हवा एका दिशेने झोत बनून जाते, ओढलेली हवा सगळ्या बाजूंनी येते. नळीचंही तेच. शिवाय आत आलेलं पाणी नळीत येऊन थांबतं आणि थांबताना आपला पुढचा धक्का होडीलाच देतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर होडी हाताने अडवून धरा आणि नळीच्या तोंडामागे निळ्या शाईचा एक थेंब सोडा. शाईचे छोटे छोटे गोळे एकामागून एक मागे फेकले जातात, टबाच्या टोकापर्यंत जातात. आणि तोंडाच्या अगदी जवळची शाई कडेने, वरून, खालून वळून आत शिरते. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये हे टिपा. वर्गात फळ्यावर अर्धा तास समजावून जे गळी उतरत नाही, ते या एका थेंबाने उतरतं. शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे की होडी नाही केली तरी चालेल, पण शाईचा प्रयोग मुलांना दाखवाच.

चाललं नाही तर

नव्वद टक्के वेळा नळीत हवा राहिलेली असते. मेणबत्ती बाजूला करा, वेटोळं गार होऊ द्या आणि पुन्हा पाणी भरा. तापलेल्या कोरड्या नळीत पाणी सोडू नका, गरम वाफ आणि पाणी अंगावर उडतं.

सुरू होऊन बंद पडत असेल तर टबातलं पाणी तपासा. लहान भांड्यात पाणी लवकर कोमट होतं, मग वाफ गार व्हायला जागाच उरत नाही. उन्हात ठेवलेल्या टाकीचं पाणी तर मुळातच गरम असतं. माठातल्याइतकं गार नसलं तरी चालेल, पण घरात रात्रभर ठेवलेलं घ्या.

ज्योत नीट असूनही दम नसेल तर वेटोळ्यावर काजळी बसली आहे का बघा. काजळी उष्णता अडवते, फडक्याने पुसून टाका. बोअरचं पाणी वापरत असाल तर आतून क्षार बसतात. सिरिंजने लिंबाचा रस भरून अर्धा तास ठेवा आणि साध्या पाण्याने धुवा.

होडी गोल गोल फिरत असेल तर दोन्ही तोंडं एका रेषेत मागे नाहीत. किंचित वाकवून सरळ करा.

पुढे काय बदलून बघाल

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि एक मीटर जायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजून वहीत लिहा. वेढे तीनऐवजी दोन. पाय दोन सेंटिमीटरने आखूड. दोन वातींऐवजी एक. वेग फार वाढेल असं समजू नका. मेणबत्तीच्या उष्णतेचा अगदी नगण्य भाग होडीला ढकलण्यात लागतो, बाकी सगळा हवेत आणि पाण्यात जातो. पण कुठल्या बदलाने काय होतं हे वहीत दिसायला लागलं की मुलं आपणहून पुढचा अंदाज बांधतात.

जत्रेतल्या होडीचा टर्रर्र आवाज हवा असेल तर वेटोळ्याच्या जागी पातळ पत्र्याची चपटी डबी लागते. वाफेच्या ठोक्याने तिचा वरचा पत्रा आतबाहेर होतो, आवाज त्याचा. ती डबी हवाबंद जोडणं नवख्याला जड जातं, म्हणून आधी वेटोळ्याची होडी चालवा. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पत्र्याची होडी मिळालीच तर दोन घ्या, एक खेळायला आणि एक पत्रा कापण्याच्या कात्रीने उघडून बघायला. कडा धारदार असतात, हातमोजे घाला.

होडी ठेवून देताना नळी फुंकून पूर्ण रिकामी करा आणि तोंडं खाली करून कोरडी होऊ द्या. हिरवा थर धरला तर लिंबू-मिठाने घासा आणि स्वच्छ धुवा.